त्या सकाळी अंगाला काय काय लागलं

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून झटका येईपर्यंत तुमच्या अंगाला, तोंडाला, रक्ताला काय काय लागलं ते सगळं लिहा. औषध असो नसो. साबणसुद्धा."

मी चार ओळी लिहून कागद परत दिला. अँटिबायोटिक, भुलेचं इंजेक्शन, वेदनाशामक, सलाइन. त्यांनी वरवर नजर टाकली आणि कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. "एवढ्यावर भागणार नाही. घरी जाऊन सावकाश लिहा. आठवत नसेल तर हॉस्पिटलात विचारा."

घरी ती यादी एकोणीस ओळींची झाली. ज्याने माझा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता तो सतराव्या ओळीत होता. मजा म्हणजे पहिल्या आणि पाचव्या ओळीतही तोच होता, वेगवेगळ्या कपड्यांत. पण हे कळायला आणखी महिना जायचा होता.

आमची पहिली ओळख मात्र ऑपरेशन थिएटरातली नाही. ती दाताच्या दवाखान्यातली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हिरड्यांची छोटी शस्त्रक्रिया झाली. टाके होते, त्या बाजूला ब्रश लावायचा नव्हता, म्हणून माउथवॉश दिला. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, दहा मिली, सकाळ-संध्याकाळ, तोंडात घोळवून थुंकायचं. आठवडाभर. मी आज्ञाधारक पेशंट. बाकीच्या बाजूचे दात घासले की लगेच माउथवॉश, आणि त्याची कडू चव जावी म्हणून लगेच पाण्याने खळाखळा चूळ. म्हणजे एका मिनिटात दोन चुका, आणि त्याही रोज दोनदा.

पहिली चूक टूथपेस्टची. क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन भार असतो. जंतूंच्या पेशीचं बाहेरचं आवरण ऋण भाराचं, म्हणून तो त्याला जाऊन चिकटतो आणि आवरण फाडतो. पण बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस आणणारं जे द्रव्य असतं, सोडियम लॉरिल सल्फेट, तेही ऋण भाराचं. तोंडात पेस्टचा फेस शिल्लक असताना माउथवॉश घेतला की हे दोघं एकमेकांनाच मिठी मारून बसतात आणि जंतू मोकळे. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यायचा असतो. दुसरी चूक पाण्याची. या औषधाचा सगळा गुण त्याच्या चिकटपणात आहे. ते दातांवर, गालाच्या आतल्या बाजूला धरून राहतं आणि पुढे कित्येक तास थोडंथोडं सुटत राहतं. १९७० मध्ये हॅराल्ड लो आणि शिओट यांनी डेन्मार्कमध्ये दाखवून दिलं की दात घासणं पूर्ण बंद ठेवलेल्या माणसांनी दिवसातून दोनदा ०.२ टक्क्यांच्या द्रावणाने चुळा भरल्या तर दातांवर कीट धरत नाही. आजही हिरड्यांसाठी बाकीचे माउथवॉश याच्याशी तोलले जातात. आणि मी तेच पाण्याने धुऊन टाकत होते.

तरी जेवढं राहिलं तेवढ्याने आपले रंग दाखवले. चौथ्या-पाचव्या दिवशी जेवण अळणी लागायला लागलं. गोड कळायचं, आंबट कळायचं, मीठ कुठे गेलं ते समजेना. मी माझ्या अंदाजाने मीठ घालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी मुलाने ताट बाजूला सारून विचारलं, "आई, समुद्र ओतलास का?" जिभेवर तपकिरी थर आला. आरशात बघितलं तर खालच्या दातांच्या कडांना चहाच्या कपात आतून धरतो तसला डाग. घाबरून दवाखान्यात गेले तर डॉक्टर हसले. हा डाग किडीचा नाही, चहा-कॉफीतल्या रंगाशी हे औषध दातावर बसतं त्याचा आहे, साफ करून निघतो. जीभही ताळ्यावर येईल. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही अजून वापरताय? आठवडा सांगितला होता." बाटली उरली होती, म्हणून वापरत होते. पाच आठवडे. औषध उरलं म्हणून संपवायचं, हा हिशेब माझ्या हाडात मुरलेला आहे.

त्या पाच आठवड्यांचा पुढच्या प्रकरणाशी संबंध होता का, हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. ॲलर्जी होण्याआधी शरीराची त्या पदार्थाशी गाठ पडावी लागते, एवढं खरं. जखम असलेल्या तोंडातून माझी ती रोज दोनदा पडत होती.

सहा महिन्यांनी अक्कलदाढ काढली. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका गेला. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी धरली नव्हती, हाड उघडं पडलं होतं. डॉक्टरांनी सिरिंज घेतली, समोरच्या बाटलीतलं गुलाबी द्रावण ओढलं आणि खळगा धुवायला सुरुवात केली. तोच माउथवॉश. दोन मिनिटं झाली असतील, माझे तळहात खाजायला लागले. मग कानाच्या पाळ्या गरम. मग पोटात काहीतरी ढवळल्यासारखं आणि डोळ्यांपुढे काजवे. मी हात वर केला. खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, कुणीतरी वारा घातला. पंधरा मिनिटांत उतरलं. "घाबरलात तुम्ही," डॉक्टर म्हणाले. मलाही तेच वाटलं. दाताच्या खुर्चीत घाबरायला होतंच की. तळहातांची खाज मात्र भीतीने येत नाही, हे तेव्हा ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. केसपेपरवर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ब्रिटनमध्ये २००९ आणि २०११ मध्ये अगदी अशाच प्रसंगात, दाढ काढलेला खळगा क्लोरहेक्सिडीनने धुताना, दोन माणसं दगावली आहेत. त्यानंतर तिथल्या औषध-नियामक संस्थेने २०१२ मध्ये सगळ्यांना सावधगिरीची सूचना पाठवली. दाताच्या डॉक्टरांना सल्लाही मिळाला की उघडा खळगा धुवायला साधं सलाइन पुरतं. उघडी जखम आणि अखंड कातडी यांत हाच फरक. कातडी बरंच अडवते. जखम आणि तोंडातली, लघवीच्या मार्गातली ओली त्वचा फारसं काही अडवत नाही.

आता ऑपरेशन. गर्भाशयात गाठी होत्या, दुर्बिणीतून काढायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी अंघोळीसाठी जंतुनाशक साबणाची बाटली आली, ४ टक्के क्लोरहेक्सिडीनची. सिस्टरने नीट समजावलं होतं. मानेच्या खालीच लावायचा. डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते, आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर आत जाऊन ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. नाजूक जागी आणि उघड्या जखमेवर नाही. लावून थोडा वेळ थांबायचं, मग धुवायचं, आणि नंतर पावडर, क्रीम, काहीही लावायचं नाही. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. अंघोळीनंतर पोटावर आणि मांड्यांवर लाल चट्टे उठले, अर्ध्या तासात गेले. गरम पाणी जास्त झालं, असं मी स्वतःला सांगितलं. मागे वळून पाहताना सगळ्यात जास्त चुटपूट याच क्षणाची लागते. सिस्टर बाहेरच बसली होती. दार उघडून एवढंच म्हणायचं होतं, "ताई, हे बघा जरा."

पुढचं मी पाहिलं नाही, मला सांगितलं गेलं. भूल दिली, लघवीची नळी घातली, पोट रंगवून घेतलं, चादरी टाकल्या. नळी घातल्यापासून साधारण वीस मिनिटांनी रक्तदाब कोसळला. भूलतज्ज्ञांना आधी वाटलं भुलेचा परिणाम असेल, तो होतोच. पण दोनदा औषध देऊनही दाब वर येईना आणि श्वासाच्या मशिनवरचा दाब वाढायला लागला, म्हणजे श्वासनळ्या आवळत होत्या. त्यांनी चादर उचलली. छातीपासून मांडीपर्यंत अंगभर पित्त उठलं होतं, गांधीला गांध लागलेली. लगेच ॲड्रेनालिन. अजून पोटाला चाकू लागला नव्हता. ऑपरेशन थांबवलं.

मी जागी झाले ती आयसीयूत. ओठ सुजून जाड झालेले आणि घशात नळीची कोरड. पोटावर हात नेला तर पट्टी नाही. "झालं?" मी विचारलं. "नाही झालं," सिस्टर म्हणाली, "पण तुम्ही आहात."

त्या भूलतज्ज्ञांचे माझ्यावर दोन उपकार आहेत. जीव वाचवला हा एक. दुसरा असा की गडबडीतही त्यांनी रक्ताचा नमुना ट्रिप्टेज तपासायला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घेतला. ॲलर्जीचा झटका येतो तेव्हा शरीरातल्या मास्ट पेशी फुटून जी द्रव्यं बाहेर पडतात त्यांतलं हे एक. तास-दोन तासांत रक्तात चढतं आणि दिवसभरात उतरतं. पहिला आकडा चढलेला आणि दुसरा खाली आलेला असेल तर झटका ॲलर्जीचाच होता, हे कागदावर राहतं. हा नमुना नंतर घेता येत नाही. माझा पहिला आकडा चांगलाच चढलेला होता. म्हणजे यावेळी "घाबरलात तुम्ही" म्हणायची सोय नव्हती.

डिस्चार्जच्या कागदावर लिहून आलं: अँटिबायोटिकची ॲलर्जी असावी. सगळ्यांना तेच वाटत होतं आणि त्यात गैर काही नाही, कारण असल्या झटक्यांमागे अँटिबायोटिक आणि स्नायू सैल करणारी औषधंच सर्वात जास्त सापडतात. ब्रिटनमध्ये भुलेच्या वेळी येणाऱ्या गंभीर झटक्यांची देशभर पाहणी झाली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात पहिल्या नंबरावर अँटिबायोटिक, दुसऱ्यावर स्नायू सैल करणारी औषधं, आणि तिसऱ्यावर, ज्याच्याकडे कुणी औषध म्हणूनही बघत नाही ते, क्लोरहेक्सिडीन.

माझं नशीब की भूलतज्ज्ञांनी "असावी" या शब्दावर समाधान मानलं नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि बजावलं की तपासणी होईपर्यंत कुठलंही ऑपरेशन नाही. तपासणीही लगेच होत नाही. झटक्यानंतर मास्ट पेशी रित्या झालेल्या असतात, लगेच सुई टोचली तर निकाल खोटा चांगला येऊ शकतो. चार ते सहा आठवडे थांबायचं. शेवटच्या आठवड्यात सर्दी-खाजेच्या गोळ्याही बंद, कारण त्या कातडीला गप्प करतात.

तर ती यादी. भुलेच्या कागदावर इंजेक्शनं वेळेसकट लिहिलेली होती, ती पहिल्या फटक्यात उतरवली. अडचण बाकीच्याची. हाताला सुई लावण्याआधी पुसलं ते कशाने? सुईवर जी पारदर्शक पट्टी चिकटवली ती कुठली? नळीला लावतात ते जेल कुठलं? हे कुणी लिहीतच नाही. मी वॉर्डात फोन केला. पलीकडची मुलगी आधी गोंधळली, मग म्हणाली, "थांबा काकू, मी कपाटातून काढून बघते." तिने खोक्यांचे फोटो पाठवले. मी ते मोठे करून वाचत बसले. सुईआधी पुसायचा रुमाल: अल्कोहोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीन. पोट रंगवायचं द्रावण: तेच. नळीचं जेल: वर ठळक अक्षरांत लिडोकेन, जागा बधिर करायला, आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट. सतरावी ओळ.

तोपर्यंत मला तो शब्द फक्त माउथवॉशच्या बाटलीवरून माहीत होता. फोटोवर बोट ठेवून मी नवऱ्याला म्हटलं, "हे तर दाताचं औषध." आणि मग एकदम दाताची खुर्ची आठवली. तळहात आठवले.

तपासणीच्या दिवशी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने रेषा आखल्या, नंबर घातले, आणि प्रत्येक नंबरापाशी एक-एक थेंब. एका ठिकाणी नुसतं सलाइन, जिथे काही उठता कामा नये. एका ठिकाणी हिस्टामिन, जिथे उठलंच पाहिजे. बाकी संशयित. प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने कातडी उचलल्यासारखं टोचायचं, रक्त येत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. शेजारी ॲड्रेनालिन भरून ठेवलेलं. घड्याळ लावलं, पंधरा मिनिटं. "खाजवायचं नाही," एवढीच ताकीद.

हिस्टामिनचा डास चावल्यासारखा फोड उठला. अँटिबायोटिकच्या जागी मी डोळे फाडून बघत होते, काहीच नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या जागी काही नाही. रबरी हातमोज्यांच्या लेटेक्सच्या जागी काही नाही. आणि सातव्या नंबरावर पांढरट उंचवटा वाढत गेला, कडेला लाल वलय, बघता बघता हिस्टामिनच्या पुढे. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजला. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर जास्त असेल तर होकार धरतात. माझा आठ भरला. रक्तातली क्लोरहेक्सिडीनविरुद्धची प्रतिपिंडंही नंतर वाढलेली आली. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर.

मी विचारलं, मग अंघोळीच्या साबणाने फक्त चट्टे का, आणि थिएटरात एवढं का? त्यांनी साधं सांगितलं. साबण अखंड कातडीवर होता आणि धुतला गेला. सुईच्या जागेचा रुमाल थोडा. जेल मात्र लघवीच्या मार्गाच्या नाजूक अस्तराला लागून तसंच राहिलं आणि हळूहळू रक्तात उतरत गेलं, म्हणून झटका वीस मिनिटं उशिरा आला. उशिरा आला म्हणूनच त्याचा संशय कुणाला आला नाही. इंजेक्शनचा झटका सहसा काही मिनिटांतच येतो.

एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली आणि ती मीही दोनदा सांगते. हे औषध वाईट नाही. १९५४ पासून वापरात आहे, ब्रिटनच्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये तयार झालं, त्याचं घराणं मलेरियावरच्या औषधांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ऑपरेशनआधी कातडी साफ करायला, मोठ्या शिरेतल्या नळीची जागा जपायला त्याच्यासारखं सोयीचं थोडंच सापडेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला तोही "क्वचित पण गंभीर" ॲलर्जीचाच. माझ्यासारखी माणसं विरळा. माझं वाचून कुणी टाके असलेल्या तोंडाने माउथवॉश फेकून देऊ नये. तो वापरल्यावर खाज, गांधी, ओठांची सूज, छातीत घरघर, चक्कर असलं काही झालं तर मात्र ते भीतीच्या खात्यात टाकू नये. डाग आणि गेलेली चव ही ॲलर्जी नव्हे, तो त्या औषधाचा स्वभाव आहे. हा फरक मला आधी माहीत असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री न्हाणीघरातलं कपाट जमिनीवर ओतलं. अर्धी उरलेली माउथवॉशची बाटली निघाली, दोन वर्षं जुनी. जखमेच्या पट्ट्यांचं एक पाकीट, पट्टीच्या गादीला क्लोरहेक्सिडीन. ओल्या पुसण्या, त्यातही. मुलाच्या खरचटण्यावर लावायचं क्रीम, त्यातही. ग्लुकोनेट, डायग्लुकोनेट, ॲसिटेट, हायड्रोक्लोराइड अशी शेपटं बदलतात, डोकं तेच. बहिणीने फोनवर विचारलं, "मग ते घरोघर असतं ते जंतुनाशकही बंद का?" ते म्हणजे क्लोरोझायलेनॉल. नावात क्लोर आहे म्हणून भाऊबंद वाटतात, पण तो फिनॉलच्या घराण्यातला, याच्याशी नातं नाही. एवढं कळायला मला लेबलं वाचत दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. लेबलावरची अक्षरं बारीक ठेवणाऱ्यांबद्दल मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा ऑपरेशन ठरलं. त्याच भूलतज्ज्ञांकडे. यावेळी पोट रंगवायला पोव्हिडोन आयोडीन. त्यांनी थायरॉइडचं विचारलं, कारण आयोडीन अंगात थोडं शोषलं जातं आणि थायरॉइड बिघडलेला असेल, पोट राहिलेलं असेल किंवा नवजात बाळ असेल तर जपून वापरावं लागतं. मी म्हटलं, माझ्या मावशीला कोळंबी चालत नाही, तिला आयोडीनची ॲलर्जी आहे म्हणतात. ते म्हणाले, कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. पण हा गैरसमज डॉक्टरांतही भेटतो.

थिएटरात मला लगेच झोपवलं नाही. भूलतज्ज्ञांनी सगळ्यांना थांबवून माझी यादी मोठ्याने वाचली. दारावर कागद चिकटवला होता. शिरेच्या सुईसाठी नुसत्या अल्कोहोलचा कापूस, साधी चिकटपट्टी, साधं जेल. एक सिस्टर माझ्या कुशीखाली दोन्ही बाजूंनी कापडं खोचत होती. कशाला, मी विचारलं. "रंगवताना औषध ओघळून पाठीखाली साचतं ताई. तासभर तसंच राहिलं की कातडी भाजल्यासारखी होते. झालं की ही काढून टाकायची." मग म्हणाली, अल्कोहोलवालं असलं तर आणखी धोका. ओलं असताना विजेच्या चाकूची ठिणगी पडली की पेट घेतं. म्हणून पुसून वाळवायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं, निदान तीन मिनिटं, आणि केसांत मुरलं असेल तर आणखी कितीतरी वेळ. आयोडीनलाही वाळायला वेळ द्यायचाच, जंतू मरायला तो वेळ लागतो. "घाईत असले ना सर्जन, तरी आम्ही थांबवतो," असं तिने सर्जनकडे बघत सांगितलं. ते मुकाट्याने हात वर धरून उभे होते.

जेलची नळी आली तेव्हा तिने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी चष्म्याशिवाय काय वाचणार? तिने वाचलं. लिडोकेन. मग नळी फिरवून मागची बाजू वाचली. मग खोकंही मागवलं आणि ते वाचलं. मग मास्क आला.

गाठी निघाल्या. अंगावर एक गांध नाही.

राहिला दाताचा दवाखाना. टाळत होते, पण हिरड्या थांबत नाहीत. गेले, त्याच डॉक्टरांकडे. खुर्चीत बसले तर ट्रेवर कागदी पेल्यात गुलाबी द्रावण आधीच ओतून ठेवलेलं. दात साफ करण्याआधी सगळ्यांना चूळ भरायला देतात ते. मी पेल्याला हात न लावता ॲलर्जीचं पत्र पुढे केलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. मदतनीस मुलीला माझा जुना केसपेपर काढायला सांगितला. अक्कलदाढेच्या पानावर त्या दिवसाची एकच ओळ होती: पेशंटला भीतीने चक्कर. त्यांनी ती खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लाल पेनाने औषधाचं नाव लिहिलं, पानाच्या कडेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. मग पेला उचलून बेसिनमध्ये ओतला, हातमोजे बदलले आणि मुलीला म्हणाले, "ट्रे पूर्ण नवीन लाव. सलाइन घे."